चारास तीन

आमचे घरमालक टीव्ही बघायचे कमी आणि मोजायचे जास्त.

मी जवाहर नगरातली ती वरची खोली बघायला गेले, तेव्हा ते खालच्या बैठकीत टीव्हीसमोर गुडघे टेकून बसले होते. हातात शिंप्याची टेप. पडद्यावर एका रिकाम्या स्टीलच्या ताटाचा फोटो होता, आणि ते त्या ताटाची आधी रुंदी मोजत होते, मग उंची. मी दारात उभी होते. त्यांनी मान वळवली नाही. दोन्हीकडून एकोणचाळीस सेंटिमीटर भरल्यावर त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि मग मला बसायला सांगितलं.

त्यांनी तीन प्रश्न विचारले. गाव कुठलं, घरी मराठी बोलता का, आणि संध्याकाळी किती वाजता परत येता. मी सांगलीची, कंपनीनं बदली करून जयपूरला पाठवलेली, ऑफिस जगतपुऱ्यात. सहापर्यंत येते म्हटल्यावर ते आत बसलेल्या बायकोकडे बघून म्हणाले, "हिच्याशी रोज अर्धा तास बोलत जा. बाकी काय आमची अट न्हाई."

ते मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटची नेमणूक जयपूरला होती आणि काकूंना हे शहर आवडलं म्हणून इथंच राहिले. कॉलनीत सगळे त्यांना सूबेदारजी म्हणत. मी काका म्हणायचे. फौजेत त्यांच्याकडे बरीच वर्षं सिनेमा दाखवायचं काम होतं. युनिट जाईल तिथं प्रोजेक्टर, पेट्या आणि पांढरा पडदा घेऊन जायचं, खांब रोवायचे, पडदा ताणायचा आणि जवानांना पिक्चर दाखवायचा. ते काम सुटलं, पण काळजी सुटली नाही. कुठल्याही घरात, दुकानात, दवाखान्यात टीव्ही दिसला की त्यांच्या कपाळावर एक आठी यायची. चित्र ताणलंय का? कापलंय का? कडेचं काय गेलं?

त्यांचं म्हणणं साधं होतं. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन, म्हणजे चार रुंद तर तीन उंच, नव्याचं सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर आलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. त्या पट्ट्या लोकांना सहन होत नाहीत. मग कुणी रिमोटवरचं बटण दाबून चित्र आडवं ताणतं, त्यात माणसं जाड होतात आणि चंद्र अंड्यासारखा दिसतो. कुणी चित्र मोठं करून वरचं आणि खालचं कापतं. आणि चूक एका ठिकाणी नसते, दोन ठिकाणी असते. डीव्हीडी प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही कुठल्या आकाराचा आहे ते सांगावं लागतं, ते कुणी सांगत नाही. रुंद टीव्हीला प्लेअर जुना टीव्ही समजून चित्र पाठवत राहतो, आणि घरातली माणसं रिमोट दाबत बसतात. हे सगळं ते मला एखाद्या आजाराची लक्षणं सांगावीत तसं सांगायचे, हलक्या आवाजात.

रंगांवरही त्यांचा राग होता. नवीन टीव्ही दुकानातून येतो तो दुकानाचे रंग घेऊन येतो, भडक आणि निळसर, कारण तिथं त्याला शेजारच्या वीस टीव्हींशी भांडायचं असतं. घरी आल्यावर ते उतरवायचे असतात. शार्पनेसचा, म्हणजे रेखीवपणाचा, आकडा ते शून्यावर आणत. उजेड एवढाच ठेवायचा की काळ्या कपड्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत आणि तरी काळं काळंच राहिलं पाहिजे. त्यासाठी ते भर दुपारी पडदे ओढून घ्यायचे आणि अर्धा अर्धा तास एकेक आकडा पुढंमागं करत राहायचे. मी विचारलं की आता बरोबर आहे ना, तर म्हणायचे, "आत्ता हाय. उद्याचं काय सांगावं."

ताटाची डिस्क त्यांनी स्वतः बनवून घेतली होती. ताट गोल असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वाद होत नाही, म्हणून ताट. ती डिस्क आणि टेप पिशवीत घालून ते कॉलनीत जायचे. शेजारच्या शर्मा आंटींच्या घरी त्यांनी एका सकाळी प्लेअर, टीव्ही, सगळं नीट करून दिलं. आंटींनी हात जोडले, चहा पाजला. संध्याकाळी काकांनी मला गच्चीवर बोलावून समोर बघायला लावलं. आंटींच्या खिडकीतून टीव्ही दिसत होता आणि त्यातला निवेदक पुन्हा रुंद झाला होता. काका रागावले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं दुसऱ्या दिवशी काकूंनी मला सांगितलं.

राजा पार्कात आम्ही कचोरी खायला जायचो, त्या दुकानात भिंतीवर मोठा टीव्ही होता. पहिल्या वेळी काकांनी घास तसाच ठेवला आणि मालकाकडे रिमोट मागितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण सगळं दुकान मॅच बघत होतं. मालकानं शांतपणे सांगितलं, "सूबेदारजी, पट्टी दिखती है तो ग्राहक समझता है टीवी खराब है।" काका परत येऊन बसले. त्या माणसाचं बरोबर आहे, असं ते मला म्हणाले, आणि तेच वाईट आहे. त्यानंतर आम्ही तिथं जायचो तेव्हा ते टीव्हीकडे पाठ करून बसायचे.

या माणसाला एवढं भय कशाचं आहे, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. मग एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं. उंचावरच्या एका चौकीवर चार महिन्यांनी पिक्चर आला होता. रुंद पडद्याचा पिक्चर. तो फिल्मवर आडवा दाबून छापलेला असतो आणि दाखवताना एक वेगळं भिंग लावून पुन्हा रुंद करायचा असतो. ते भिंग खालच्या तळावर राहिलं होतं. जवान पडद्यासमोर येऊन बसलेले. काकांनी भिंगाशिवाय पिक्चर लावला. तीन तास सगळी माणसं काडीसारखी उंच, तोंडं काकडीसारखी, घोडे बकऱ्यांसारखे. एकही जवान हसला नाही, कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्याच तालुक्यातला एक कोवळा शिपाई त्यांच्याकडे आला आणि त्यानं अदबीनं विचारलं, की त्या पिक्चरमधली माणसं खरंच तशी असतात का.

"लोक बोलत न्हाईत गं," काका म्हणाले. "दाखवशील ते खरं धरत्यात."

तो शिपाई पुढं त्यांना पुन्हा भेटला नाही. बदली झाली असेल. पण त्यानं तो पिक्चर तसाच डोक्यात ठेवला असेल, ही गोष्ट काकांना तीस वर्षं टोचत होती.

काकूंचं आता सांगते. मी राहायला आले तेव्हा त्यांना विसरायला लागून वर्ष झालं होतं. आणि त्यांची सगळ्यात आधी हिंदी गेली. पंचवीस वर्षं जयपूरात राहिलेली बाई, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, शेजारणींच्या लग्नांत गाणी म्हणणारी. एके दिवशी दूधवाल्या भैयाचं बोलणं त्यांना कळेना. मग कामवालीचं. आंटी येऊन बोलायच्या आणि काकू नुसत्या हसून बघायच्या. मराठी मात्र शाबूत होती, अगदी माहेरच्या म्हणींसकट. सगळ्या कॉलनीत त्यांच्याशी बोलू शकेल असा नवऱ्याशिवाय कुणी नव्हता. म्हणून खोलीसाठी मराठी भाडेकरू हवा होता. रोज संध्याकाळी मी खाली गेले की त्या विचारायच्या, "तू सांगलीची ना गं?" आणि मी हो म्हटलं की त्यांना खरा आनंद व्हायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारायच्या, पुन्हा तितकाच आनंद व्हायचा.

त्यांची मुलगी कॅनडात होती. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. फोनच्या उभ्या पडद्यात एक चष्मा लावलेली, केस कापलेली बाई दिसायची. काकू तिला नमस्कार करायच्या आणि फोन काकांकडे द्यायच्या. मुलगी पलीकडे हसायचा प्रयत्न करायची.

पण त्याच मुलीला त्या रोज दुपारी चार वाजता ओळखायच्या. तिच्या लग्नाची एक डीव्हीडी होती, साताऱ्याकडे लग्न झालं तेव्हा काढलेली, चारास तीन. ती लागली की काकू सरसावून बसायच्या आणि बोटानं एकेकाला दाखवून सांगायच्या. ही थोरली जाऊ. हा माझा भाऊ, पंगतीत वाढतोय बघ. आणि ही माझी पोरगी. घरात नवा रुंद टीव्ही आला तेव्हा काकांच्या आधी दुकानाच्या माणसानं ती डिस्क लावून बघितली होती. चित्र ताणलेलं होतं. काकूंनी विचारलं, "ह्या कुठल्या बायका? आपल्याकडच्या न्हाईत." काकांनी रिमोट घेऊन चित्र बरोबर केलं, पट्ट्या आल्या, आणि काकूंचा भाऊ परत आला. हे ऐकल्यानंतर मी काकांच्या टेपला कधी हसले नाही.

रोज लावून लावून ती डिस्क झिजली. अधूनमधून चित्र अडकायचं, चौकोन चौकोन व्हायचे. काका उठून डिस्क काढायचे, मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसायचे, पुन्हा लावायचे. तेवढ्यात काकू अस्वस्थ व्हायच्या. डिस्क गेली तर काय, हा प्रश्न ते तोंडानं कधी विचारत नसत. साताऱ्याचा तो व्हिडिओवाला धंदा बंद करून कुठं गेला, कुणाला माहीत नव्हतं. मुलगी म्हणाली होती की तिच्याकडे प्रत नाही.

मीच म्हटलं, काका, मी पेनड्राइव्हवर घेऊन देते. आयटीत काम करणाऱ्या मुलीला एवढं येणार नाही का. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि डिस्क माझ्या हातात दिली. देताना वहीच्या दोन कागदांत गुंडाळलेली होती.

माझ्या लॅपटॉपला डिस्कची खाच नव्हती. ऑफिसातल्या मैत्रिणीकडचा जुना लॅपटॉप घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत काम उरकलं. सॉफ्टवेअरनं विचारलं की चित्र पूर्ण पडदाभर हवं का. मी हो केलं. आता नव्या टीव्हीवर छान दिसेल, पट्ट्यांची कटकट नाही, असं मला वाटलं. इतके महिने त्या माणसाचं ऐकून मी हो केलं, याचं मला आजही नवल वाटतं. हातातलं काम संपवायची घाई, दुसरं काही नाही. फाइल झाली, डिस्क मी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि वरून पाण्याची भरलेली मोठी बाटली. मे महिना होता. स्कूटर ऑफिस सुटेपर्यंत उघड्या पार्किंगमध्ये उन्हात.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चार वाजता पेनड्राइव्ह लावला. चित्र स्वच्छ होतं, कुठंही अडकत नव्हतं, पडदा काठोकाठ भरलेला. काका पुढं वाकून बसले. मंगलाष्टकांत उभ्या माणसांचे फेटे वरून कापलेले होते. मला ते तेव्हा दिसलं. मग कन्यादान आलं. व्हिडिओवाला लांब उभा होता आणि काकू अगदी खालच्या कडेला पाटावर बसलेल्या होत्या. झारीची धार दिसत होती, धरणारी दिसत नव्हती.

काकू बघत राहिल्या. मग त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "मी कुठंय?"

काकांनी टीव्ही बंद केला. काकूंना चहा हवा का विचारलं, आत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. आवाज चढला नव्हता.

"कापायला कुणी सांगितलं तुला?"

मी सांगितलं, पडदा भरावा म्हणून.

"पडदा भरायचा नसतो, पोरी. माणसं मावली पाहिजेत." मग ते म्हणाले, "ताणलं असतंस तर परत आणलं असतं. कापलेलं कुठनं आणायचं? चौथा हिस्सा गेलाय. डिस्क आण."

मी धावत बाहेर स्कूटरकडे गेले. डिकी उघडली आणि कागद सोडला. डिस्क एका बाजूनं वाकली होती, पापडासारखी. ती हातात घेऊन परत आत येताना मला वाटलं की इथून सरळ बस स्टँडवर जावं आणि सांगलीची गाडी धरावी.

काकांनी ती उजेडात धरून बराच वेळ फिरवून बघितली. मी रडत होते, त्यांनी मला थांब म्हटलं नाही. भिंतीवरच्या दोन तसबिरी उतरवून त्यांच्या काचा काढल्या, धुऊन पुसल्या, मध्ये डिस्क ठेवली आणि वर फौजेतली लोखंडी ट्रंक. जागा व्हरांड्यातली निवडली, सावलीतली, पण जयपूरच्या मेमधली सावली. काचेला हात लावून ऊब बघितली. चार दिवस कुणी ट्रंकेला हात लावायचा नाही, एवढं सांगितलं.

ते चार दिवस मी ऑफिसात काय काम केलं मला आठवत नाही. परत आले की आधी ट्रंक दिसायची. काका तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलेले असायचे, जशी माणसं दवाखान्याबाहेर बसतात. चार वाजता काकू टीव्हीसमोर यायच्या, वाट बघायच्या, आणि काका काहीतरी सांगून त्यांना उठवायचे. वीज नाही. मशीन दुरुस्तीला दिलंय. तिसऱ्या दिवशी काकूंनी थोरल्या जावेचं नाव विचारलं. काकांनी सांगितलं. रोज बघितल्याशिवाय ती माणसं त्यांच्याजवळ टिकणार नव्हती, हे आम्हां दोघांनाही त्या क्षणी कळलं.

पाचव्या दिवशी मैत्रिणीचा लॅपटॉप मी घरी आणला. डिस्क बरीच सपाट झाली होती, कडेला मात्र अजून लाट होती. काकांनी सांगितलं की डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे सुरुवात मधोमध असते आणि शेवट कडेला. जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं, आणि या वेळी काही बदलायचं नाही, जसं आहे तसं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी मोठ्यानं वाचायचे, ते मान हलवायचे, मग मी बटण दाबायचे.

आकडा सरकत होता. मंगलाष्टकं आली, फेट्यांसकट. कन्यादान आलं. खालच्या कडेला, पाटावर, हिरव्या शालूत, झारी धरून काकू होत्या. काकांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. पंगत आली, भाऊ वाढताना आला. त्यानंतर लॅपटॉप घरघरायला लागला, आकडा थांबला, थोडा सरकला, पुन्हा थांबला. आम्ही तास दीड तास बसून होतो. पाठवणी तेवढी मिळाली नाही. मुलगी सगळ्यांच्या पाया पडायला वाकते आणि चित्र काळं होतं.

काकांनी त्या फाइलच्या पाच प्रती करायला लावल्या. एक माझ्याकडे ठेवली, म्हणजे मला माफ केलं असं मी समजले. पण आतून ते खचले होते. शेवटचा तुकडा गेला, हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

मी गप्प बसू शकले नाही. कॅनडात मुलीला फोन केला, तिच्या सासरच्यांना शोधलं, आणि दीड महिन्यानं तिच्या दिराच्या घरी कोल्हापुरात माळ्यावर एक प्रत निघाली. न वापरलेली, कव्हरसकट. अख्खं लग्न, पाठवणीपर्यंत. मी ऑफिसातून लवकर निघाले. आयुष्यात एखाद्याला देण्यासारखी एवढी मोठी बातमी माझ्याकडे कधी आली नव्हती.

पोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि लग्न शेवटाला आलं होतं. मी काकांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण हसले नाहीत. बोटानं मला बसायला सांगितलं.

पूर्वी या वेळेला काय व्हायचं ते मला माहीत होतं. पाठवणी सुरू झाली की काकू रडायच्या. रोज, जणू ती पोरगी आत्ताच गाडीत बसून गेली. मग त्यांना शांत करायला काकांना तासभर लागायचा, आणि कितीतरी संध्याकाळी त्यांचे डोळे सुजलेलेच मी बघितले होते. मला वाटायचं तो आजार आहे.

मुलगी पाया पडायला वाकली आणि पडदा काळा झाला. काकूंनी थोडा वेळ वाट बघितली.

"गेली का हो पोरगी?"

"न्हाई," काका म्हणाले. "आत हाय. साडी बदलतीय."

काकूंनी मान हलवली. त्यांचे डोळे कोरडे होते. काका हळूच माझ्याकडे वळले. ज्या माणसाला निवेदक जरा रुंद दिसला तरी जेवण जात नसे, तो मला म्हणाला, "ती डिस्क राहू दे कोल्हापुरातच."

काकू उठल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दाराशी थांबून त्यांनी मला हाक मारली आणि चहाला एक कप जास्तीचा काढायला सांगितला. मी काढला.